सासुरवाडीची फटफटी

"आता कायले खोलता? काल तं चांगली चालत होती!" भागीरथाबाई दारातूनच म्हणाली.

गुणवंतराव ओसरीवर पोतं अंथरून बसले होते. फटफटीचा कार्बोरेटर सुटा होऊन रॉकेलच्या वाटीत पडला होता.

"चढावर खोकून राह्यली. पेट्रोल सोडनाऱ्या जेटचं भोक मोठं झालं. प्लग पाह्य, कसा काळाकुट्ट पडला!"

आलापल्लीच्या आरागिरणीत ते इंजिनमिस्त्री होते. लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेली ही जुनी गाडी घेतल्यापासून त्यांची सगळी सुटी तिच्यातच जाई. नवा जेट नागपूरशिवाय मिळत नसे, म्हणून ते जुन्याचंच भोक डाख देऊन बुजवत आणि बारीक तारेनं पुन्हा पाडत. कधी पेट्रोल जास्त जाई, कधी कमी. लोक म्हणत, गाडी झकास पळते. त्यांच्या कानाला मात्र काहीतरी खटकत राही.

गेल्या दिवाळीत त्यांनी सिंदेवाहीकडच्या सासूला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, पुढच्या खेपेला तुमच्या लेकीला फटफटीवर आणतो. आता म्हातारीनं अंथरूण धरल्याचा निरोप आला होता.

"मी सर्व्हिस मोटारीनं जाते," भागीरथाबाई म्हणाली.

"थांब जराशी. बुढीले सांगून ठेवलं हाय मी. जंगलात बंद पडली तं काय करशीन?"

ती थांबली.

पुढच्या रविवारी प्लग हवा तसा तांबूस निघाला. गुणवंतराव खुशीत हात पुसत होते, तेवढ्यात भागीरथाबाईचा चुलतभाऊ भैयाजी समोर येऊन उभा राहिला. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बाई, तुही माय गेली."

गुणवंतरावांनी किक मारली. गाडी लगेच सुरू झाली. अगदी एकसारखा, गोड आवाज.

"बस," ते म्हणाले.

भागीरथाबाईनं तिकडे पाहिलं नाही. ती भैयाजीच्या मागं मोटारस्टँडकडे चालू लागली. इंजिन बंद करून तेही निघाले.

पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. अंगण बायकांनी भरलं होतं. जांभळाखाली थोडी जागा स्वच्छ सारवलेली, रिकामी दिसली. गुणवंतराव तिथं टेकणार, तोच शेजारची सोनीबाई हळूच म्हणाली, "थे जागा बुढीनं तुमच्या फटफटीसाठी ठेवली होती, जवाईबापू. पडल्या पडल्या माह्याकडून सारवून घेत होती. कोनत्याबी गाडीचा आवाज आला का इचारे, माही भागी आली का?"

मग तिलाच कसंसं झालं. "बसा आता. बसा तुमी."

गुणवंतरावांनी जमिनीला टेकलेला हात उचलला. त्या जागेला वळसा घालून ते पलीकडे, कुंपणापाशी उन्हात जाऊन बसले.