अतिशयच्या पेट्या

“आवं, आज नगा घालू वात. चतुर्दशीपातूर थांबा,” गुणमाला म्हणाली, आणि मधमाश्यांच्या पेटीच्या झाकणावरचा रामगोंडांचा हात तसाच राहिला.

दुसऱ्या हातात औषधाची कुपी होती, तिच्या तोंडाशी कापसाची वात. ती पेटीच्या तळाशी ठेवली की आम्लाचा वास आत भरतो आणि माश्यांच्या अंगाला चिकटलेली गोचीड गळून पडते. व्हरोआ, असं तिचं नाव सांगलीच्या दुकानदारानं सांगितलं होतं. मोहरीएवढी, तांबडी. पोळ्यातल्या अळीच्या घरात शिरते आणि तिथंच वाढते.

“थांबा म्हंजी? बिनपंखाच्या माश्या निपजाय लागल्यात बघ. खाली मुंग्या वढून न्हेत्यात त्यास्नी.”

“पर्युषण पर्वाचं दिवस हायती. माझं एकाशन चालू हाय, एकयेळचंच जेवण. हिथं तुमच्या हातनं जीव मरायचं, आन् मी बस्तीत देवाम्होरं कुठल्या तोंडानं हात जोडू?”

“काकडीवर फवारा मारतो तवा तुज्या बस्तीला सुट्टी असती व्हय गं?”

“त्येचंच फेडतोय का काय आपण, कुणाला ठावं.”

दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या रस्त्यावर ट्रकनं त्यांच्या लेकाला, अतिशयला नेलं. तेव्हापासून त्या घरात कुठलंही बोलणं फिरून फिरून तिथंच येऊन थांबत असे. रामगोंडांनी कुपीला बूच लावलं आणि ती खिशात टाकली.

या पेट्या अतिशयनं आणलेल्या. कराडला शेतकी शिकून परत आला तो टेम्पोत पेट्या बांधूनच. जैनाच्या घरात मध कसला, म्हणून गुणमाला दारात आडवी उभी राहिली, तर हा हसत म्हणाला, “आई, मध काढायचाच न्हाई. त्येंचा त्येंनाच. आपल्या फुलावर बसूंद्यात नुसत्या.” मग तिनंच पेट्यांखाली विटा लावून दिल्या. संध्याकाळी चहाचा कप घेऊन तो त्यांच्यासमोर उकिडवा बसायचा. ती हाका मारून थकायची.

तो गेल्यावर घरात त्याचे कपडे राहिले, फोटो राहिला. पण त्याच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं. लेकाची आठवण अनावर झाली की गुणमाला मळ्यात जाई आणि पेटीच्या लाकडाला कान लावून उभी राही. आतून येणारा तो भरलेला गुंजारव ऐकला की तिला घरी जाऊन स्वयंपाकाला लागता येत असे.

त्या पेट्यांचं वाईट व्हावं असं तिच्या मनात कसं येईल? उलट तिला वाटलं होतं, आपण एवढं व्रत निष्ठेनं पाळतोय, तर त्याच्या माश्यांना काही व्हायचं नाही.

पर्व संपल्यावर रामगोंडांनी झाकणं काढली. दोन पेट्यांत काहीच हललं नाही. तिसरीत मूठभर माश्या राणीभोवती गोळा होऊन बसल्या होत्या. त्यांनी तरीही वात ठेवली. दोन दिवसांनी तीही पेटी गप्प झाली.

क्षमावाणीच्या दिवशी घरोघरची माणसं आली, हात जोडून क्षमा मागून गेली. सगळे गेल्यावर गुणमाला नवऱ्यासमोर उभी राहिली. दर वर्षी ती क्षमा मागायची, तेव्हा ते म्हणायचे, “आगं, एवढ्या चुका केल्यास तरी कवा?” आणि दोघं हसायची.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “क्षमा करा.”

रामगोंडा उठले, चपला घातल्या आणि मळ्यात निघून गेले. त्यानंतर ते जेवायला बसत, पाणी मागत, विहिरीवरची मोटार कधी चालू करायची ते सांगत. त्यापलीकडे शब्द नाही.

आणि मग एका दुपारी बांधावरून त्यांची हाक आली.

“गुणमाला! ये हिकडं, लवकर!”

ती तशीच पिठाच्या हातांनी धावली. पेट्यांच्या दाराशी माश्यांची झुंबड उडाली होती. आत-बाहेर, आत-बाहेर. हवा नुसती घुमत होती. गुणमाला पुढं सरकली.

मग तिनं नीट पाहिलं. माश्या आत हलक्या जात होत्या आणि जड होऊन निघत होत्या. निघाल्या की थेट ओढ्यापलीकडे, शेजारच्या भाऊसोंच्या डाळिंबाच्या बागेकडे. तिथं कुणीतरी नव्या पेट्या आणून ठेवल्या होत्या. त्या माश्या मेलेल्या घरातला मध लुटून न्यायला आल्या होत्या.

रामगोंडांना हे कळलं नसेल असं नव्हतं. लेकामागं पेट्या त्यांनीच सांभाळल्या होत्या.

“आल्या बघ परत,” ते म्हणाले.

तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

“व्हय,” ती म्हणाली. “आल्या की.”

रामगोंडांनी खांद्यावरचा टॉवेल बांधावर अंथरला, त्यावर बसले आणि तिच्यासाठी अर्धा मोकळा सोडला. ती टेकली. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली, आणि माश्या नेत राहिल्या.