राखडीचा खोकला

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे, आणि मला माझ्या घरच्या माणसांचा राग आहे. तो सांगितल्याशिवाय माझी कहाणी पुढे सरकायची नाही.

खापरखेड्याजवळच्या एका वस्तीत बाबनरावांचं एका खोलीचं घर आहे. कुहीच्या सुताराने मला सागाच्या दोन फळ्यांतून घडवलं आणि या घराला बसवलं. बाबनरावांची लेक प्रणाली माझ्यापाशी बसून अभ्यास करायची. तिची आई अनुसया पाहुण्यांना सांगायची, "या खिडकीनं लाइट गेली तरी आमच्या घरी जीव घाबरत नाही." एवढं कौतुक मला पुरायचं.

पुढे घरामागच्या रिकाम्या जागेत राखेच्या विटांची भट्टी आली. बाबनराव तिथेच कामाला लागले. राख उडून पिठात पडू लागली, तेव्हा त्यांनी मला चार खिळे ठोकून कायमचं बंद केलं. राख बाहेर राहिली खरी. पण चुलीचा धूर, बाबनरावांच्या बिड्या आणि तिघांचे श्वास एवढ्याशा खोलीत कोंडले गेले.

मग बाबनराव खोकू लागले. भट्टीवरच्या माणसांनी या खोकल्याला आधीच नाव देऊन ठेवलं होतं, 'राखडीचा खोकला', म्हणजे राखेने लागलेला. गूळ खाल्ला की छातीतली राख उतरते, असं म्हणत सगळे खिशात गुळाचे खडे घेऊन फिरत. शहाणेच ते! आरोग्य खात्याची आशाताई सोनिका थुंकी तपासायची डबी घेऊन दोनदा दारात आली.

"मले काहून डबी देता, ताई? राखडीचा खोकला हाय. टीबी म्हटलं तर लोक घरी पाणी पेणार नाहीत," असं म्हणून बाबनरावांनी तिला परत पाठवलं. तीन महिने झाले होते, वजन उतरलं होतं, तरी हेच.

प्रणाली पोलीस भरतीसाठी पहाटे धावायची. चहा-पोळीवर दिवस काढायची. एके दिवशी ती अर्ध्या फेरीतच दम लागून परत आली आणि खोकत बसली. आईने तिच्या हातावर गूळ ठेवला. दोन महिने ठेवत राहिली. मी खिळ्यांत अडकून सगळं ऐकत होते आणि चडफडत होते.

प्रणालीच्या खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा अनुसयाने धावत जाऊन सोनिकाला आणलं.

"राखडीचाच असन ना वं?" तिने विचारलं.

"प्रणाली कधी भट्टीवर गेली होती काय, काकू?"

अनुसयाने वळून नवऱ्याकडे पाहिलं. प्रणाली भट्टीवर कधीच गेली नव्हती.

तपासणीत दोघांनाही टीबी निघाला; कोंडलेल्या खोलीत बापाचा खोकला लेकीला लागला होता. बाबनरावांनी त्याच संध्याकाळी माझे खिळे उपटले. पण प्रणालीची दोन्ही फुप्फुसं तोवर खराब झाली होती. औषध सुरू होऊन महिना व्हायच्या आत ती गेली. एकोणीस वर्षांची होती.

बाबनरावांनी मात्र सहा महिने एकही गोळी चुकवली नाही. आता ते ठणठणीत आहेत. भट्टीवरचे म्हणतात, "चांगला भरला गा तू!" ते घरी येऊन माझ्यापाशी, प्रणालीच्या जागी बसतात.

मित्रांनो, घरात हवा येऊ द्या. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्याला आपल्या मनाने नाव देऊ नका, तो तपासून घ्या. डबीत थुंकायला एक मिनिटही लागत नाही. बाबनराव वेळेवर थुंकले असते, तर प्रणाली आज जिवंत असती.