खिडकीच्या फटीतली वायर

मित्रांनो, मी एक जुनी इंटरनेटची वायर आहे. अंगाने सुतळीएवढी आणि पोटात केसासारखा काचेचा धागा. त्या धाग्यातून उजेड धावतो आणि उजेडाच्या पाठीवर बसून माणसांचे शब्द जातात. धावणे हाच माझा धर्म. देवाने मला स्वस्थ बसायला शिकवलेच नाही.

कारखान्यात रिळावर गुंडाळले तेव्हाच चुळबूळ सुरू झाली. आपण कुणाच्या घरी जाणार? शेवटी जोडणीवाल्याने मला एका अंगणात आणले, आणि तिथेच घोडे अडले.

"बाहेरच्या भिंतीपर्यंत वायर फुकट," तो म्हणाला. "भिंतीला भोक आणि आतलं काम, त्याचे पैसे वेगळे. कोण देणार?"

मालकीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "इंटरनेट बुवांना हवंय. मी का देऊ?"

बुवा म्हणजे त्यांचे भाडेकरू. देवाच्या कथा गाऊन सांगणारे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून वर्षभर घरातच बसून होते.

"ताई, उद्या मी घर सोडलं तर भोक काय पिशवीत घालून नेणार आहे? ते तुमच्याच घराला राहील ना!"

"तेच तर! भोकही माझ्याच गळ्यात!"

जोडणीवाल्याने कपाळाला हात लावला आणि मला खिडकीच्या फटीतून आत ढकलले. "आता ही खिडकी लावायची नाही हं. वायर दुमडली की संपलं."

झाले! मी ना घरची ना दारची. वारा आला की चौकटीवर घासायची. खिडकीचे दार हलले की अंग चोरून घ्यायची.

अशातच बुवांच्या जुन्या श्रोत्यांनी निरोप धाडला, "एका रविवारी घरूनच इंटरनेटवर गा. नीट ऐकू आलं तर दर रविवार तुमचा. नाहीतर दुसरं कुणी बघावं लागेल." त्या दिवशी बुवांनी सकाळपासून घसा जपला. बोललेसुद्धा खुणेने.

संध्याकाळी कथा सुरू झाली. मालकीणबाई मोबाइलचे इयरफोन कानात घालून अंगणात झाडांना पाणी घालत ऐकत होत्या. कथेतल्या आंधळ्या नावाड्याची नाव भोवऱ्यात सापडली, बुवांनी आर्त सूर लावला. तो सूर वाहून नेताना मीही थरारले.

इतक्यात वावटळ उठली.

"अगं बाई, बुवांच्या घशात धूळ जाईल!" म्हणत मालकीणबाई धावल्या आणि त्यांनी बाहेरून खिडकी गच्च दाबून धरली.

माझी मान मुरगळली. उजेड जागीच विझला.

त्यांच्या कानात एकदम शांतता. थांबले का बरं? त्यांनी इयरफोन काढला. भिंतीपलीकडे बुवा डोळे मिटून गातच होते. नाव अजून भोवऱ्यात होती, आणि ऐकायला कुणी नव्हते.

त्यांची नजर खाली माझ्यावर गेली. "देवा! मायेपोटी मीच गळा दाबला की!"

खिडकी उघडली. उजेड परतायला दोन मिनिटे लागली. मला तो एक जन्म वाटला. मग कथा संपेपर्यंत त्या वाऱ्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी खिडकीचे दार धरून उभ्या राहिल्या. डोळ्यांत धूळ होती की पाणी, सांगता येणार नाही.

नाव काठाला लागली. लगेच श्रोत्यांचा फोन आला, "बुवा, मध्येच गायब झालात! पुढच्या रविवारी असं झालं तर अवघड आहे."

"मी? मी तर गातच होतो!"

मालकीणबाईंनी खिडकीतून हात घालून फोनच काढून घेतला. "पुढच्या रविवारी असं होणार नाही. भिंत माझी आहे, भोक मी पाडून घेते."

"मग आतली वायर माझ्या पैशांनी," बुवा म्हणाले.

"चालेल. पण जाताना उपटून न्यायची नाही!"

आता भिंतीतून नवी वायर गेली आहे. मी मुरगळलेल्या मानेने अंगणातल्या खिळ्यावर वेटोळे होऊन लटकते. रविवारी बुवांचा सूर लागला की अजूनही माझे अंग सळसळते, पण धावायला वाट नाही.

मित्रांनो, घरात वायर आणाल तेव्हा कुणी काय द्यायचे ते आधी बसून ठरवा. तुमच्या वादापायी कुणाला फटीत लटकवू नका. आणि खिडकी लावताना एकदा चौकटीकडे बघा. कुणाची तरी नाव अजून काठाला लागायची असेल.