रिकामा तळमजला

रबराचा चीक काढणाऱ्या आमच्या गड्याच्या, पाप्पीच्या अंगात तो कोट बघितला आणि मला हसूच फुटलं. पहाटेच्या धुक्यात आमच्या रबराच्या झाडांवर सुरी चालवत फिरत होता. खाली लुंगी, वर शिकागोच्या बर्फासाठी घेतलेला, गुडघ्यापर्यंत येणारा, टोपीवाला निळा कोट. मी तो कुरियनसाठी, माझ्या धाकट्या भावासाठी पाठवला होता.

"काय रे, साहेब झालास की," मी म्हटलं.

"जेसम्मावहिनींनी दिला," तो म्हणाला. "तिकडे याचा काही उपयोग नाही म्हणाल्या."

तिकडे उपयोग नाही? शिकागोत? मी मनाशी म्हटलं, भावजयीनं याहून भारी घेतले असतील. मी त्यांना न्यायलाच गावी आले आहे, चार दिवसांत सगळ्यांनी निघायचं आहे, माणूस तयारी करणारच. एवढ्यावर मी गप्प बसले. मी मूर्खच.

शिकागोत नर्स म्हणून मी उभा जन्म काढला. कुरियनला अमेरिकेत आणायचा अर्ज केला तेव्हा त्याची मुलगी टेसा पाळण्यात होती. व्हिसा हातात पडला तेव्हा ती कॉलेजात जायला लागली होती. भावंडांच्या व्हिसाची रांग एवढी लांबच असते. त्या रांगेतच माझा नवरा तोमाच्चन गेला. आम्हाला मूल ना बाळ. तिथल्या माझ्या दुमजली घराचा तळमजला मी कधी भाड्यानं दिला नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, माझा भाऊ येणार आहे.

गेल्या फेब्रुवारीत दारातल्या पायरीवर बर्फात घसरले आणि टपालवाला येईपर्यंत तिथंच पडून राहिले. त्या दिवसापासून एकच भीती बसली आहे, की मी मेले तर शेजाऱ्यांना वासावरून कळेल. हे मी कुरियनला फोनवर रडून सांगितलं होतं. "चेची, रडतेस कशाला? आता आम्ही आलोच," तो म्हणाला होता. आमच्यात थोरल्या बहिणीला चेची म्हणतात. तिकिटंसुद्धा मला काढू दिली नाहीत. "तू किती करशील? एवढं तरी मला करू दे." दोह्यापर्यंत सगळे एकत्र, पुढं माझं विमान वेगळं आणि त्यांचं वेगळं मिळालं, पण पोचू एकाच दिवशी, असं सांगितलं. मला केवढं कौतुक वाटलं. शिकागोत मल्याळी लोकांना विमानतळावरून आणणारा एल्दो आहे, त्याला मी मोठी गाडी आणायला सांगून ठेवलं होतं.

स्वयंपाकघरात गेले तर जेसम्मा शेवग्याच्या बिया रुमालात बांधत होती.

"शिकागोत शेवगा लावणार?" मी विचारलं.

"बघू चेची. कुंडीत."

"अगं, तिथं ऑक्टोबरात कढीपत्ता मरतो घरात. शेवगा काय जगतोय?"

तिनं वर बघितलं नाही. "पुट्टू गरम आहे, खाऊन घ्या," म्हणाली आणि केळी शोधायला गेली. केळी तिच्यासमोरच होती.

संध्याकाळी निरोपाची प्रार्थना होती. शेजारपाजारचे आले, बायकांनी डोक्यावर पदर घेतले, आणि फादर इट्टींनी दिव्यासमोर प्रार्थना सुरू केली. गाव सोडताना इथल्या चर्चचा दाखला तिथल्या चर्चमध्ये द्यावा लागतो. तो दाखला फादरनीच लिहिलेला, त्यामुळे कोण कुठं जाणार हे त्यांच्याइतकं पक्कं कोणाला माहीत असणार.

"प्रभू," ते डोळे मिटून म्हणाले, "कुरियन, जेसम्मा आणि टेसा यांचं ह्यूस्टनमधलं घर सुखाचं कर. जेसम्माच्या भावांनी त्यांच्यासाठी जी जागा बघून ठेवली आहे, तिच्यावर तुझा हात राहू दे."

मी डोळे उघडले. बाकी कोणी उघडले नाहीत. शेजारच्या मरियाकुट्टीनं पदर आणखी पुढं ओढला. फादरना वाटलं होतं मला माहीत आहे. बाकीच्यांना माहीत होतं की मला माहीत नाही. सकाळी अख्खी आळी माझ्याकडून शिकागोची चॉकलेटं घेऊन गेली होती, आणि एकानं तोंड उघडलं नाही.

प्रार्थना संपली की धाकट्यांनी थोरांसमोर हात जोडायचे आणि येशूची स्तुती असो म्हणायचं. थोरांनी सदासर्वदा असो म्हणून डोक्यावर हात ठेवायचा. आमच्या घरात हे कधी चुकलं नाही. घरात थोरली मीच. टेसा आली, रडत होती. तिच्या डोक्यावर हात ठेवला, पोरीचा काय दोष. जेसम्मा आली आणि माझ्या पायांकडे बघत पुटपुटून गेली. मग कुरियन आला आणि हात जोडून वाकला.

"ह्यूस्टन?" मी विचारलं.

"चेची, मी सांगणारच होतो."

"कधी? दोह्याला?"

त्यानं जोडलेले हात सोडले.

"म्हणजे दोह्याला माझ्या हातावर तुरी देणार होतास तू. आणि मी तिकडे उतरून तुमची वाट बघत बसले असते."

"चेची, थंडी आहे तिथं. जेसम्माला दमा आहे. तिचे भाऊ आहेत, काम बघून दिलंय त्यांनी. तुला दुखवायचं नव्हतं म्हणून…"

"व्हिसा होईपर्यंत दुखवायचं नव्हतं," मी म्हटलं. "नंतर चाललं असतं."

खोलीत सगळे ऐकत होते. ऐकू देत, सगळ्यांनाच माहीत होतं की. कुरियनच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी माझा मार खाताना यायचं तसंच.

"तूच ये ना तिकडे," तो म्हणाला. "घर विकून टाक. ऊब आहे, आपली माणसं आहेत. एकटी कशाला राहतेस?"

खोटं कशाला बोलू, एवढं सगळं होऊनही माझा जीव त्या वाक्यावर धावला. शेवगा दिसला, अंगण दिसलं, दार वाजवल्यावर उघडणारं कोणीतरी दिसलं.

"येते," मी म्हटलं. "कुठं राहू? तुमच्यात?"

कुरियननं वळून जेसम्माकडे बघितलं.

"सुरुवातीला दोनच खोल्या आहेत, चेची," ती म्हणाली. "मग बघू. जवळपास वृद्धांसाठी चांगल्या जागा आहेत म्हणे."

कुरियन पुन्हा माझ्याकडे वळला आणि मान खाली घालून उभा राहिला. अजून आशीर्वाद हवा होता त्याला. मी सदासर्वदा असो म्हटलं, कारण ते देवासाठी असतं. हात मात्र जागचा हलला नाही.

परसात येऊन मी एल्दोला फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे फावड्यानं बर्फ ओढल्याचा आवाज येत होता.

"मोठी गाडी सांगून ठेवलीय, चेची," तो म्हणाला. "चौघं आणि बॅगा, बरोबर?"

"लहान आण," मी म्हटलं. "एकटीच आहे."