चिंध्या गुंडाळलेली कात्री

सासूबाईंना भेट द्यायची म्हणजे भरल्या पोटाला आग्रह करायचा. शाल दिली तर ती दोन महिन्यांनी मावससासूबाईंच्या खांद्यावर दिसायची. पर्स दिली तर ती आतल्या कागदासकट कपाटात जायची. "आईचं कपाट म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या हौसेचं गोदाम आहे," नणंद फोनवर हसली. "वहिनी, तू तरी शहाणी हो."

पण सासूबाईंना साठ वर्षं पूर्ण होत होती, आणि यंदाची भेट कपाटात जाऊ द्यायची नाही असं सुनेनं ठरवलं होतं. नवरा म्हणाला, "तिला काही नको असतं गं." सुनेला ते पटलं नाही. माणसाला काय हवं ते बघितलं की कळतं, आणि बघण्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं. लेक चिमणी जन्मल्यापासून तर तिचे डोळे घरभर फिरत असत. दाराला कडी आहे का, दूध उतू जातंय का, आणि मुख्य म्हणजे सासूबाईंच्या कपाळावर आठी आलीय का.

सासूबाई शिवणकाम करत. पुढच्या खोलीत मशीन, शेजारी कापायचं लांब टेबल, टेबलावर खडू, टेप आणि ती कात्री. काळीकुट्ट, जडशीळ, मुठीला चिंध्या गुंडाळलेल्या. तीन आठवडे टेहळणी केल्यावर सुनेची नजर त्या चिंध्यांवर अडली. सापडलं!

शिंप्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून तिनं सगळ्यात चांगली कात्री आणली. आरशासारखी पाती, आत मखमल लावलेली पेटी. पण नवं जपून ठेवायचं आणि जुन्यावर भागवायचं, हा सासूबाईंचा खाक्या ती ओळखून होती. म्हणून वाढदिवसाच्या आदल्या दिवशी रद्दी देताना तिनं जुनी कात्रीही भंगारवाल्याच्या पोत्यात टाकली. आपल्या हुशारीवर ती स्वतःच खूश होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पेटी उघडली. "छान आहे गं," त्या म्हणाल्या. मग टेबलाकडे बघून, "आणि माझी जुनी कुठे दिसत नाही ती?"

"दिली भंगारात! आता हिला कपाटात कोंडायची सोय नाही, आई."

नवरा हसला, फोनवर नणंद हसली. सासूबाईही हसल्या. सगळ्यांच्या जरा नंतर.

आठ दिवस नवी कात्री रोज वापरात होती. सून येताजाता ती बघून सुखावत होती. मग एका दुपारी गणवेश न्यायला नर्सबाई आल्या. पंचवीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी बाही उलटून पाहिली.

"काकू, कड अशी उंदरानं कुरतडल्यासारखी का हो? शिवण पण ओढल्यासारखी बसलीय."

सासूबाईंची मान खाली गेली. "वय झालं बाई आता. ठेवून जा, बदलून देते."

नर्सबाई गेल्यावर सून काळजीनं म्हणाली, "आई, डोळे तपासून घेऊ या का?"

"घेऊ या," सासूबाई म्हणाल्या आणि नवं कापड पसरायला लागल्या.

सून तिथेच चिमणीला भरवायला बसली. चिमणीनं चमचा उचलला. "डावा नाही राणी, उजवा," म्हणत सुनेनं तो तिच्या दुसऱ्या मुठीत दिला. चिमणीनं पुन्हा बदलला. "डावा नाही म्हटलं ना?" टेबलाशी चालणारी कात्री थांबली. सुनेनं सवयीनं वर पाहिलं, आठी शोधायला. आठी नव्हती. म्हणून असेल, नजर खाली उतरली.

सासूबाईंच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. कात्री त्याच हातात होती, आणि कापड कापलं न जाता पात्यांमध्ये दुमडून अडकलं होतं. हात डावा होता.

चार वर्षं! चार वर्षं तिनं या बाईचा चेहरा वाचला होता, आपल्याबद्दल तिथे काय लिहिलंय म्हणून. हात कधी पाहिलाच नव्हता.

"आई… तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"कात्रीपुरती. बाकी सगळं आमच्या आईनं सरळ केलं, पट्टी मारून मारून. कापायला शिकवणारे मास्तर मात्र भले. त्यांनी लोहाराकडून उलट्या पात्यांची करवून दिली होती."

"ती… ती जुनी?"

"हं."

"मग बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी अडकलेलं कापड हळूच सोडवलं. "एवढ्या हौसेनं आणलीस. आणि तू पोरीला रोज म्हणतेस ना, डावा नाही, डावा नाही. म्हटलं हिला आवडत नसेल. कशाला सांगायचं?"

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चार शब्द उलटून बोलता आले असते.

चिमणीला काखोटीला मारून ती भंगारवाल्याकडे पळाली. लोखंडाचा ढीग कधीच गेला होता. तिथून ती कात्रीच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "डाव्या हाताची? मागवावी लागेल, महिना जाईल." तिनं मागवली. परतताना पाय घराकडे वळेनात, म्हणून ती आधी नर्सबाईंच्या दारात गेली. नर्सबाई कामावर निघाल्या होत्या.

"गणवेश काकूंनी नाही बिघडवला. मी बिघडवला." आणि तिनं सगळं सांगितलं, भंगारासकट.

नर्सबाईंनी तिला खालून वर पाहिलं. "शिकलेली ना गं तू?" एवढंच म्हणून त्यांनी कुलूप लावलं.

घरी आल्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा सासूबाई पहिल्यांदाच चिडल्या. "जगाला सांगत कशाला फिरतेस? आणि महिनाभर मी काय माशा मारू?"

"मी कापते. तुम्ही खडूनं आखून द्या."

सुनेनं ती चकचकीत कात्री उजव्या हातात घेतली. दोन बोटं कापड कापलं, तोच कड वाकडी झाली.

"अगं, कापड आहे ते, भाजी नाही!" सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "पातं उचलू नकोस. टेबलाला टेकवून पुढे ने."

सुनेचे कान तापले होते. जमिनीवर चिमणीनं डाव्या हातात चमचा घेतला. सवयीनं सुनेच्या ओठांवर शब्द आला. तिनं तो गिळला, पण सासूबाईंनी तो पाहिला होता.

"रेघेकडे बघ," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे नको."