नळाची मूठ

"हिच्या हाताचं काय जगतंय व्हय? दोन वर्सं झाली, लिंबं मारत बसलीय."

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, माझ्याबद्दल बोलत होत्या, पण माझ्याशी नव्हे. समोरच्या लिंबाच्या रोपाशी. मी हातभर अंतरावर गुडघे टेकून खड्ड्यात माती ओढत होते. मला ऐकू यावं म्हणूनच त्या तिथं उभ्या होत्या.

अक्कलकोट रोडला आमचं घर, मागं परस. पहिल्या वर्षी पाच कागदी लिंबं लावली, मेली. गेल्या वर्षी पुन्हा पाच, तीही मेली. आधी पानं पिवळी, मग बुडातून डिंक, मग नुसत्या काटक्या. सुनेनं खत जास्त घातलं, असं आत्यांनी गल्लीभर सांगितलं. माझ्या नवऱ्यानं, बसवेशनं, रोपवाल्याला शिव्या दिल्या. मी मात्र शेवटचं रोप उपटून बघितलं होतं. मुळांची साल भिजल्या कागदासारखी हातात आली आणि वास असा, की पदर नाकाला लावला. रोपं पाण्यानं कुजली होती. पाणी कोण घालतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी ती मुळं उकिरड्यावर टाकली आणि गप्प बसले.

यंदा खड्ड्यात निम्मा मुरूम भरला, रोपं उंचवट्यावर बसवली, आळी खोडापासून लांब फिरवली. आणि सकाळीच परसातल्या नळाची मूठ काढून कमरेला खोचली.

"मूठ कुटंय?" बसवेश दारातून ओरडला. "अप्पा शोधायलेत."

"माझ्यापाशी."

"दे की मग."

"कशाला?"

तो चपलेनं ढेकूळ फोडत राहिला.

"कशाला म्हंजे?" आत्या उसळल्या. "त्यांच्याच घरात त्यांनाच पाणी बंद? उद्या भाकरीबी बंद करशील!"

"लिंबं जगवायचीत, आत्या."

"मारलीस तूच!"

"बरं, मी मारली. कशानं मारली, तेवढं सांगा की."

आत्यांनी तोंड फिरवलं. बसवेशनं दुसरं ढेकूळ शोधलं.

तेवढ्यात मामा, म्हणजे माझे सासरे शंकरप्पा, स्वयंपाकघरातून तांब्या भरून घेऊन आले. कुर्डुवाडीच्या रेल्वे यार्डात तीस वर्षं एक सिग्नल चुकवला नाही असा माणूस. पहिल्या रोपाशी वाकले, खोड दोन बोटांनी धरलं आणि हळू धार सोडली. "पी बाळा." आत गेले, तांब्या भरून आले, त्याच रोपाशी वाकले. "पी बाळा." तिसऱ्यांदाही तेच रोप. उंचवटा खचायला लागला, रोप कललं.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंड उघडशील तर याद राख, अशी नजर. मला ती समजत नव्हती असं नाही. वाईट सून असली तर चालतं, गल्लीत घरटी एक आहे. विसरणारा नवरा मात्र त्यांना कुणाला दाखवायचा नव्हता.

मामा चौथा तांब्या घेऊन आले आणि माझ्यावरच भडकले. "सिद्धेश्वरी, सकाळधरनं ह्याला कुणी थेंबभर पाणी दिलं न्हाय! तुज्यामुळंच मरत्यात ही लेकरं. आन ती मूठ हिकडं!"

चिखल त्यांच्या पायाच्या बोटांत भरला होता. बसवेश पुटपुटला, "जाऊ दे, दे की."

मी मूठ काढून पुढं धरली. "घ्या मामा. माझंच चुकलं."

ती घ्यायला त्यांनी हात पुढं केला. आत्यांनी तो मनगटाशी धरला आणि दुसऱ्या हातानं तांब्या काढून घेतला.

"तिचं न्हाय चुकलं," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला, की मला वाटलं पुन्हा रोपाशीच बोलतायत. "तुमीच पाजलं हो. आत्ता तीनदा. दोन वर्सं तुमीच पाजताय. तुमाला आठवत न्हाय... तुमाला कायबी आठवत न्हाय."