कोंडलेला आत्मा आणि चिमूटभर नीळ

घरातले सगळे नळ बंद होते, तरी पाण्याच्या मीटरमधलं लाल चक्र फिरतच होतं.

दारासमोर सगळी गल्ली लोटली होती. "बघा, डोळे फाडून बघा!" पाण्याची भुतं उतरवणारे जलमहाराज मीटरच्या काचेवर काठी टेकवत म्हणाले. "नळ बंद, मोरी कोरडी. मग पाणी पितंय कोण?"

"अगं बाई!" माझ्या ताईने तोंडावर हात ठेवला. घर तिचंच होतं.

मी शिवणकाम करते. गिऱ्हाईक कापड सांगतं तेवढं भरतंय का, हे मोजल्याशिवाय मी कात्री लावत नाही. ही खोड माझ्या अंगातच आहे, आणि त्या महाराजांकडे बघतानाही ती मला गप्प बसू देईना.

"या घरात तहानलेला आत्मा शिरलाय," महाराज म्हणाले. "मी त्याच्याशी एकटा झुंजणार. वर कोणी यायचं नाही. आलात, तर तो तुमच्या घशात बसेल!"

महाराज वरच्या मजल्यावरच्या संडासात शिरले आणि आतून कडी लावली. आरोळ्या ऐकू आल्या, बादली आपटली. मग ते घामाघूम होऊन खाली उतरले. चक्र थांबलं होतं. लोकांचे हात आपोआप जोडले गेले, आणि ताईने महाराजांपुढे दक्षिणेच्या नोटा मोजल्या.

संडासाच्या दाराला मंतरलेला दोरा बांधण्यात आला. आत्मा आत कोंडलाय, दार उघडलंत तर सुटेल, अशी ताकीद मिळाली. गल्लीतल्या आणखी काही घरांचे संडास असेच कोंडलेले होते, आणि ती मंडळी रोज सकाळी शेजाऱ्यांच्या दाराशी चुळबुळत उभी असायची. "सगळ्या आत्म्यांना नेमकी तीच खोली कशी आवडते?" मी विचारलं.

"तुझं आपलं प्रत्येक गोष्टीत खुसपट!" ताई डाफरली.

पण खरी गोम पुढेच होती. महाराजांनी माझ्या भाचेसुनेकडे बोट दाखवलं. "आत्मा हिच्या पावलांनी आलाय. दोरा त्याला थोडेच दिवस धरेल. ही माहेरी गेली, की तोही हिच्यामागे जाईल. ही इथं राहिली, तर घर कोरडं पडेल."

ताईला ते लगेच पटलं, कारण पाण्याचं बिल लग्नानंतरच फुगायला लागलं होतं. सून किती वेळा पाणी पिते यावरही तिची नजर असायची. पोरगी आंघोळीला गेली की ही दाराला कान लावून उभी. आणि भाचा? आईपुढे त्याची मान कधी वर झालीच नाही.

"थोडे दिवस जाऊन ये ना," तो बायकोला म्हणाला.

"थोडे म्हणजे किती?"

त्याने कपाटावरची तिची बॅग खाली काढली. मला त्याचा असा संताप आला!

दुसऱ्या दिवशी तिची बॅग दाराशी आली. महाराज हजर होते. आत्मा निघालेला बघायला गल्लीही हजर होती. सून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. बुबुळावरचा ओरखडा एरवी दिसत नाही. मग डॉक्टर रंगाचा थेंब टाकतात, की लगेच उमटतो. मला एकदाच वर जाऊ द्या. आणि कपड्यांची नीळ हवी."

"चल," मी म्हटलं. वर जाऊन माझ्या कापडाच्या कात्रीने तो दोरा कापला.

"अनर्थ होईल!" महाराज मागून ओरडले.

"बसू दे माझ्या घशात!"

आत आत्मा नव्हता. फ्लशची टाकी रिकामी होती, आणि तिच्याखालचा छोटा कॉक घट्ट बंद केलेला होता. सुनेने तो उघडला. टाकी भरली. भाच्याला मी खाली मीटरपाशी पिटाळलं. सुनेने टाकीत चिमूटभर नीळ टाकली आणि म्हणाली, "आता फ्लशला कोणी हात लावू नका."

सगळे दारात दाटीवाटीने उभे राहिलो. थोड्या वेळाने कमोडच्या पांढऱ्या भांड्यात एक बारीक निळी रेघ उतरली. मग दुसरी. आवाज म्हणून कसलाच नाही.

"टाकीच्या तळाचं रबर झिजलंय," सून म्हणाली. "पाणी गुपचूप गळतं, टाकी पुन्हा भरत राहते, म्हणून मीटर फिरतं." तिने कॉक बंद केला.

"थांबलं! आई, थांबलं!" भाचा खालून ओरडला. तिने कॉक उघडला. "फिरतंय!"

"निळा... निळा तर त्या आत्म्याचाच रंग," महाराज चाचरत म्हणाले.

"आणि हा कॉक कोणी बंद केला?" मी विचारलं. "काल आत तुम्ही एकटेच होतात."

महाराजांनी काढता पाय घेतला, पण शेजाऱ्यांनी त्यांना जिन्यातच अडवलं. "अहो, आमचाही कॉकच पिळलात ना?" घेतलेले पैसे परत केल्यावरच त्यांची सुटका झाली.

ताई मात्र त्या निळ्या रेघेकडे बघतच राहिली. "एवढ्याशा रबरासाठी मी हिला..." म्हणत ती जिन्याकडे वळली. आम्हीही मागोमाग खाली आलो. भाचा बॅग उचलायला पुढे झाला, तेव्हा सून म्हणाली, "तुम्ही राहू द्या. तुम्ही रबर घेऊन या." बॅग ताईने स्वतः आत आणली.

त्या दिवशी गल्लीतल्या दुकानातली नीळ संपली.

तुमच्याही घरात बिल वाढलं, तर आधी सगळे नळ बंद करून मीटर बघा. फ्लशच्या टाकीत नीळ टाका आणि थोडं थांबा. गळती सापडली तर रबर बदला, नाही सापडली तर प्लंबरला बोलवा. पाणी वाचेल, पैसा वाचेल. आणि जो कोणी खोलीत एकटा जाऊन चमत्कार करतो, त्याच्यामागोमाग आत शिरा. पण झिजलेल्या रबरापायी घरातलं माणूस दाराबाहेर काढू नका.